साउंड ब्लास्टर की व्हॉर्टेक्स? एका निवडीचा इतिहास

१९९८ च्या अखेरीस घरच्या संगणकासाठी साउंड कार्ड घेणाऱ्यासमोर दोन दावेदार उभे होते. एक सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर लाइव्ह!’. दुसरे ‘डायमंड मॉन्स्टर साउंड एमएक्स ३००’, ज्याच्या पोटात ऑरियल या अमेरिकी कंपनीची ‘व्हॉर्टेक्स २’ चिप होती. आवाज पडद्यातून नव्हे, चहूबाजूंनी यावा, हे दोघांचेही वचन. ते पाळण्याच्या वाटा मात्र निराळ्या होत्या.

थोडी पार्श्वभूमी. १९८१ च्या आयबीएम पीसीला एक लहानसा स्पीकर होता. त्याची मजल ‘पीं’च्या फारशी पलीकडे जात नसे. १९८७ मध्ये कॅनडातील क्वेबेकच्या ॲडलिबने यामाहाच्या चिपच्या बळावर त्याला संगीत दिले. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आले. ॲडलिबचे सर्व काही, वर ध्वनिमुद्रित आवाज आणि जॉयस्टिक जोडण्याची सोय, हे सारे एकाच कार्डावर! १९९२ मध्ये ॲडलिबचे दिवाळे निघाले आणि बाजारात क्रिएटिव्हची सत्ता प्रस्थापित झाली.

ऑरियलचा जन्म ‘मीडिया व्हिजन’ या बुडालेल्या कंपनीच्या राखेतून झाला. तिच्या पदरी ‘क्रिस्टल रिव्हर’ ही संस्था होती, जिने नासासाठी त्रिमितीय ध्वनीवर काम केले होते. आवाजाची दिशा मनुष्याला दोनच कानांनी कळते. डावीकडचा आवाज डाव्या कानाला क्षणाचा अंश आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. बाह्यकर्णाच्या वळणांवरून येताना त्याचा पोतही बदलतो. ऑरियलचे ‘ए३डी’ तंत्र हेच फरक गणिताने निर्माण करी. त्याची दुसरी आवृत्ती तर गेममधील भिंतींची रचना वाचून आवाज कोठे आदळून परतेल, याचाही हिशेब मांडत असे. साधा हेडफोन त्यासाठी पुरे.

क्रिएटिव्हची ‘ईएएक्स’ पद्धत व्यवहारी होती. ही गुहा आहे, हे सभागृह आहे, एवढे गेमने सांगायचे. कार्ड त्या जागेला शोभेल असा घुमारा आवाजात मिसळे. भिंतीभिंतीचा हिशेब नाही, त्यामुळे प्रोग्रामरांना ती सोपी वाटे. दिशेचे काम चार स्पीकरांवर सोपवलेले. त्यामुळे जाणकारांचा सल्ला ढोबळमानाने असा असे: हेडफोन वापरणाऱ्याने व्हॉर्टेक्स घ्यावे, खोलीत चार स्पीकर मांडणाऱ्याने लाइव्ह. त्याच वर्षी आलेल्या ‘हाफ-लाइफ’ने दोन्ही तंत्रांना स्थान दिले होते. दिशाज्ञानाच्या बाबतीत ऑरियलचे पारडे जड होते, हे मान्य करावेच लागते.

परंतु निकाल कानांनी लावला नाही. मार्च १९९८ मध्ये क्रिएटिव्हने ऑरियलवर पेटंटभंगाचा दावा गुदरला. डिसेंबर १९९९ मध्ये ऑरियल जिंकली. मात्र खटल्याच्या खर्चाने ती इतकी खंगली होती की एप्रिल २००० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी तिची मालमत्ता सुमारे ३.२ कोटी डॉलरला विकत घेतली गेली. खरेदीदार? क्रिएटिव्ह! ए३डीचा विकास तेथेच खुंटला. व्हॉर्टेक्स घेणाऱ्यांच्या हाती उत्तम पण निराधार कार्ड उरले.

विजेत्यालाही ही सत्ता फार काळ उपभोगता आली नाही. मदरबोर्डवरच आवाजाची सोय येऊ लागली होती. इंटेलच्या २००४ च्या ‘एचडी ऑडिओ’ मानकात तर आठ चॅनेलची तरतूद होती. २००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेमचा आवाज थेट कार्डाकडे सोपवण्याचा जुना मार्गच बंद केला. जुन्या गेममधील ईएएक्सचा घुमारा हरपला आणि तो परत आणण्यासाठी क्रिएटिव्हला ‘अल्केमी’ नावाचे वेगळे सॉफ्टवेअर काढावे लागले.

२०१७ मध्ये ‘हाफ-लाइफ’च्याच निर्मात्या व्हॉल्व्हने ‘स्टीम ऑडिओ’ प्रसिद्ध केले. भिंतींची रचना वाचून प्रतिध्वनी मोजणारे, हेडफोनसाठी दोन्ही कानांचे गणित करणारे. त्याला स्वतंत्र साउंड कार्ड लागत नाही.