पादत्राणे आणि उंबरठा : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील गृहाचाराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरात पादत्राणे घालून वावरू नये, हा महाराष्ट्रीय गृहाचाराचा इतका परिचित नियम आहे की, त्याला काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. राज्ये, सनावळ्या आणि चळवळी यांच्या अभ्यासात दाराबाहेरच्या चपलांना स्थान मिळणेही कठीणच. तथापि, उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. कोकणी वळणाचे खेडे, निर्वासितांची छावणी, कामगारांची चाळ आणि सदनिकांची सोसायटी असे घराचे चारही प्रकार येथे काही किलोमीटरांच्या अंतरात आढळतात. नियमाचे बाह्य रूप टिकले; परंतु त्याची कारणे आणि पादत्राणे काढण्याची जागा घरांच्या रचनेबरोबर बदलत गेली, असे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

ओटी, सारवण आणि चामडे

जुन्या घरात अंगण, ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर असा क्रम असे. वहाणा अंगणात किंवा ओटीच्या पायरीशी निघत. याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. घरातील जमीन शेणाने सारवलेली असे. पावसाळ्यातील चिखल आणि वहाणेचा घासा यांनी सारवण उखडत असे. शिवाय जेवणे, निजणे, धान्य निवडणे, पाहुण्याला बसविणे हे सारे जमिनीवरच चाले. जमीन हेच आसन आणि तेच अंथरूण असल्यावर तिच्यावर बाहेरची वहाण नको, हे ओघानेच आले.

मात्र एवढ्यावर थांबल्यास हा इतिहास अर्धाच राहील. वहाण चामड्याची होती आणि चामडे विटाळाचे मानले जाई. सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेत चामड्याच्या वस्तूप्रमाणे ती घडविणारा माणूसही अंगणातच अडविला जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लोकांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, हे याच नियमाचे दुसरे टोक होय. वहाण पायातच शोभते, अशा अर्थाची म्हण माणसांनाच उद्देशून वापरली गेली, हेही विसरता येत नाही. म्हणून हा नियम केवळ स्वच्छतेचा होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

इंग्रजी बूट

वासाहतिक काळात या प्रश्नाला राजकीय रूप आले. मुंबई इलाख्यातील सुरत येथे १८६२ मध्ये माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना जोडे न काढल्याच्या कारणावरून न्यायालयाबाहेर जावे लागले. त्यासंबंधीचा सरकारशी झालेला पत्रव्यवहार १८६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्यास सरकारी समारंभात मुभा आणि देशी जोडे घालणाऱ्याने मात्र ते काढावेत, असा भेद सरकारी धोरणात होता. एकच कृती, परंतु बुटाला प्रतिष्ठा आणि जोड्याला मज्जाव! सुशिक्षित मराठी घरांनी यावर आपल्यापुरती तडजोड काढली. खुर्च्या मांडलेल्या दिवाणखान्यापर्यंत बूट चालत. माजघराचा उंबरठा मात्र अनवाणीच ओलांडावा लागे.

बॅरेकचा दरवाजा

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित वसविण्यात आले. १९४९ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथील नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बॅरेकमध्ये पडदे किंवा तट्टे लावून कुटुंबे राहू लागली. या घरांना ओटी नव्हती, माजघरही नव्हते. दरवाजा उघडला की चूल दिसे. सिंधी हिंदूंमध्ये सोवळ्याचा कडकपणा महाराष्ट्रातील उच्चवर्णीयांइतका नव्हता. त्यांच्या दरबारात वा टिकाण्यात मात्र गुरू ग्रंथसाहिबापुढे डोके झाकणे आणि जोडे बाहेर काढणे अनिवार्य असे. अशा एका खोलीत नियम संपूर्ण घराला लागू होण्याऐवजी चुलीच्या कोपऱ्याला आणि देवाच्या जागेला लागू झाला असावा, असा तर्क करता येतो. शेजाऱ्याच्या घरातील चपला पाहून मराठी माणसाने त्याच्या संस्कारांविषयी मत बनविणे म्हणूनच उतावीळपणाचे ठरते. त्याच्यापाशी संस्कार होते. नव्हती ती ओटी.

चाळीपासून सदनिकेपर्यंत

अंबरनाथला १९२० च्या दशकात विमकोचा काडेपेटी कारखाना आणि पुढे १९५० च्या दशकात आयुध निर्माणी आली. चाळीतील सामाईक गॅलरीने ओटीचे काम केले. पाळीवरून परतणाऱ्याचे बूट तेथेच निघत. शहाबादी फरशी व मोझॅकमुळे सारवण मागे पडले आणि रबरी चपलांमुळे विटाळाचे जुने कारण लंगडे झाले, कारण रबराला जात चिकटविणे अवघड होते. तरीही नियम राहिला. आता कारण सांगितले जाऊ लागले ते जंतू आणि धूळ यांचे. जेवणाचे टेबल आल्यावर जमिनीचा उपयोगही घटला, तरी जमिनीविषयीची भावना घटली नाही.

बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. ही वाढ मुख्यतः सदनिकांतून सामावली गेली. सदनिकेला अंगण नाही आणि गॅलरी खासगी झालेली. त्यामुळे चपलांचे कपाट दाराबाहेर, सर्वांच्या मालकीच्या पॅसेजमध्ये आले. आगीच्या वेळी वाट मोकळी असावी म्हणून सोसायटी ते हटवू पाहते आणि सभासद ते आत घेण्यास तयार नसतो. पूर्वी अंगण खासगी होते. आता घराचे ओवळे सार्वजनिक जागेत ठेवले जाते.

या कपाटात कोणाच्या चपला असतात, हेही पाहण्याजोगे आहे. कुटुंबीयांच्या असतात, पाहुण्यांच्याही ठेवल्या जातात. रोज सकाळी येऊन तीच फरशी पुसणाऱ्या घरकामगार स्त्रीच्या चपला बहुधा तेथे नसतात. त्या जिन्याच्या पायरीवर, भिंतीला लागून काढलेल्या असतात.