पुन्हा उगवलेले भिंग

माझा पहिला दुधाचा दात पडला, त्याच महिन्यात आजीचा मोतीबिंदू काढला. डोळ्यांवर पट्टी, डोके हलू नये म्हणून दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या, अशी ती बिचारी कितीतरी दिवस उताणी पडून होती. मी विचारले, "आजी, काढलेले भिंग परत येईल ना, माझ्या दातासारखे?" ती हसली. म्हणाली, "मेल्या, दात दोनदा येतो. डोळा एकदाच." पुढे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा तिच्या नाकावर आला, तो अखेरपर्यंत.

आजीचे म्हणणे माणसापुरते खरे होते. पण न्यूट नावाचा एक प्राणी आहे; दिसायला पालीसारखा, कुळाने बेडकाचा भाऊबंद, पाण्यात नि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा. त्याची गोष्ट निराळी आहे.

जिनीव्हाचा शार्ल बॉने (१७२०–१७९३) हा या कथेतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस. त्याच्या आजोबांचे मोतीबिंदू काढले होते, तरी दृष्टी मंदावतच गेली. आणि मग त्या शहाण्यासुरत्या म्हाताऱ्याला नसलेली माणसे, पक्षी, गाड्या दिसू लागल्या. नातवाने ती हकीगत १७६० साली छापली. किडे निरखता निरखता खुद्द बॉनेचेही डोळे अधू झाले होते. अशा माणसाने पुढे न्यूटचा डोळा काढून पाहिला, आणि तो पुन्हा तयार झालेला त्याने नोंदवला! त्या वेळी त्याच्या मनात काय आले असेल, असे मला राहून राहून वाटते.

नुसत्या भिंगाची गोष्ट मात्र शंभर वर्षांनी उजेडात आली. १८९१ साली कोलुच्ची या इटालियन संशोधकाने ती प्रथम सांगितली. १८९५ साली गुस्टाव्ह वोल्फ या जर्मनाने, कोलुच्चीची वार्ता नसताना, तेच पुन्हा शोधले. आज या क्रियेला नाव आहे ते वोल्फचे. कोलुच्चीवर हा अन्यायच झाला. पण वोल्फने त्यातून वाद उभा केला, आणि वादाचा आवाज दूरवर जातो.

वाद असा. ज्या अवयवाला इजेचा धोका अधिक, त्याला पुन्हा उगवण्याची शक्ती निसर्गनिवडीने मिळते, असे वाइझमानचे मत होते. वोल्फ म्हणाला, शेपूट तुटते, पाय तुटतो, कबूल. पण बाकीचा डोळा शाबूत ठेवून नेमके भिंग काढणारा वैद्य तळ्यात कधी आला होता? आणि गंमत पुढेच आहे. गर्भात भिंग बनते बाहेरच्या त्वचेपासून. हे नवे भिंग मात्र बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या वरच्या कडेपासून उगवते. तिथल्या पेशी आपला रंग टाकून देतात, वाढतात, त्यांची एक लहानशी पिशवी लोंबू लागते, आणि काही आठवड्यांत तिचे पारदर्शक भिंग होते. कुळकर्ण्याने लेखणी ठेवून नांगर धरावा, तसे! खालची कड मात्र ढिम्म राहते. वोल्फने यातून डार्विनचा पराभव काढला. तो कुणी फारसा मानला नाही. प्रयोग मात्र टिकला.

तुटलेला पाय सहज उगवणारा मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल, त्याला ही विद्या अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवडे असते. असे का, कोण जाणे!

पण खरा धीर जपानच्या गोरो एगुची यांचा. त्यांनी लाल पोटाच्या त्याच त्या न्यूटांची भिंगे सोळा वर्षांत अठरा वेळा काढली. शेवटी ते प्राणी सुमारे तीस वर्षांचे झाले होते. २०११ साली त्सोनिस यांच्यासह त्यांनी निष्कर्ष छापला: अठरावे भिंग, कधीच शस्त्र न लागलेल्या प्रौढ न्यूटच्या भिंगाइतकेच निर्मळ.

हे वाचले त्या दिवशी मी आजीचा चष्मा पेटीतून काढून पुसला. माझ्या उजव्या डोळ्यात गेल्या वर्षी कृत्रिम भिंग बसले. अर्ध्या तासात काम झाले, वाळूच्या पिशव्या नाहीत की काही नाही. डाव्याची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची आहे.