शेंकडा सात कोठें गेले?

वजनांचा हिशेब जुळला नाहीं, तर रसायनशास्त्रज्ञ प्रथम स्वतःचीच चूक शोधूं लागतो. जर्मनींतील क्लेमेन्स विंक्लर यांनींहि तेंच केलें. फ्रायबर्गजवळच्या एका खाणींत १८८५ सालीं अपरिचित खनिज सांपडलें. विंक्लर यांनीं त्याचें पृथक्करण केलें, तेव्हां शेंकडा सुमारें ७५ भाग रुपें निघालें, १७ ते १८ भाग गंधक, आणि अल्पस्वल्प लोह, पारा वगैरे. एकूण बेरीज ९३ च्या आसपास! पुन्हां पुन्हां तोलूनहि उरलेल्या ७ भागांचा पत्ता लागेना.

तेव्हां ज्ञात मूलद्रव्यांची यादीच अपुरी असली पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. कित्येक आठवड्यांच्या परिश्रमानंतर, ६ फेब्रुवारी १८८६ रोजीं, तें द्रव्य हातीं आलें. त्याचें नांव जर्मेनियम. त्याच्या एका अणूशीं क्लोरिनचे चार अणू संयोग पावतात. त्या क्लोराइडांतील क्लोरिन मोजून विंक्लर यांनीं अणुभार काढला, तो ७२.३२ भरला. मेंडेलीव्ह यांनीं १८७१ सालींच सिलिकॉनच्या खालचें घर रिकामें ठेवून तेथें ७२ हा अंक वर्तविला होता.

बेरीज ओढूनताणून शंभर केली असती, तर तें घर आणखी किती काळ रिकामें राहिलें असतें कोण जाणे!