नागसेनवन ते विद्यापीठ : पंडितवादाची परंपरा

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा विषय निघाला की नामांतराचा लढा आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या लढ्याची तारीखवार हकीकत सांगितली म्हणजे या विद्यापीठाचा इतिहास पूर्ण झाला, असे आम्हांस वाटत नाही. या परिसरात विद्यार्थी कोणत्या परिस्थितीतून आला आणि त्याने विद्या कशी मिळवावी अशी अपेक्षा होती, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे. त्याचा विचार आम्ही येथे एका पालि ग्रंथाच्या आधारे करीत आहोत. हा आधार आम्ही बाहेरून आणलेला नाही. विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी याच नगरीत बाबासाहेबांनी जे महाविद्यालय काढले, त्यास 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसरास 'नागसेनवन'. ही दोन्ही नावे 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातील आहेत.

मिलिंद हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल. हे नगर म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे सामान्यतः मानले जाते. राजा वादविद्येत निपुण होता. त्याच्या प्रश्नांपुढे भलेभले आचार्य निरुत्तर होत. अखेर त्याची गाठ स्थविर नागसेनाशी पडली.

या नागसेनाच्या विद्यार्थिदशेचे वर्णन ग्रंथाच्या आरंभी विस्ताराने येते. रोहण स्थविर त्याच्या घरी सात वर्षे दहा महिने भिक्षेसाठी येत राहिले, आणि इतक्या काळात त्यांना तेथे पळीभर अन्नही मिळाले नाही. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या नागसेनाने बालपणीच तिन्ही वेद आत्मसात केले. परंतु त्यांत त्यास सार आढळले नाही. पुढे प्रव्रज्या घेतल्यावर आपल्या गुरूविषयी अनादराचा विचार मनात आला म्हणून त्यास प्रायश्चित्तही घ्यावे लागले. मग पाटलिपुत्राच्या अशोकारामात धम्मरक्खित स्थविरांपाशी त्याने तीन महिन्यांत त्रिपिटक मुखोद्गत केले आणि आणखी तीन महिने त्याच्या अर्थाचे चिंतन केले. पाठांतरास जेवढा काळ, तेवढाच अर्थचिंतनास. अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाने हा तपशील ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग पुढे येतो. राजा वादास सिद्ध होतो तेव्हा नागसेन त्यास एक अट घालतात. वाद पंडितवादाने होणार असेल तर आम्ही बोलू, राजवादाने होणार असेल तर बोलणार नाही. पंडितवादात आवेठन असते, निब्बेठन असते, निग्गह असतो आणि पटिकम्मही असते. म्हणजे प्रतिपक्षास युक्तिवादाने वेढणे, तो वेढा उलगडणे, चूक दाखविणे आणि चूक मान्य करणे. एवढे होऊनही पंडित रागावत नाहीत. राजवादात मात्र राजा एक मत मांडतो आणि जो विरोध करील त्यास दंड फर्मावतो. मिलिंदाने ही अट मान्य केली. एवढेच नव्हे, तर भिक्षू, श्रामणेर, उपासक किंवा विहारातील सेवक यांच्याशी आपण जसे मोकळेपणाने बोलता तसेच माझ्याशी बोला, भिऊ नका, असेही त्याने सांगितले.

महाविद्यालयास नाव मिळाले ते उत्तर देणाऱ्या भिक्षूचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. आमच्या मते यात मोठा अर्थ आहे. विद्यार्थी हा प्रथम प्रश्न विचारणारा असतो. उत्तर पटले तर स्वतःचा पराभव मान्य करण्याइतका तो प्रामाणिकही असावा लागतो. मिलिंद हा त्या प्रामाणिकपणाचा आदर्श आहे.

आता हे नाव कोणत्या भूमीत दिले गेले ते पाहू. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते. ते १९१८ साली स्थापन झाले आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या खेड्यातील मुलास, त्यातही अस्पृश्य मानलेल्या जातीतील मुलास, पदवीचा मार्ग किती दुर्गम असेल याची कल्पना करता येते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत हे दुसरे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यावर बाबासाहेबांनी मोठी जबाबदारी सोपविली होती.

नागसेनवनातील विद्यार्थ्यांत अनेकजण आपल्या घराण्यातील पहिलेच शिकणारे होते. १९४४ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली होती. तीमागेही बाबासाहेबांचेच प्रयत्न होते. शिष्यवृत्तीचा पैसा आणि वसतिगृहातील जागा या दोन गोष्टी नसत्या तर महाविद्यालयाचे दार उघडे असूनही ही मुले आत येऊ शकली नसती. मराठवाड्यातील दलित मुलाच्या शिक्षणाची परवड कशी होती, हे प्र. ई. सोनकांबळे यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आठवणींचे पक्षी' या आत्मकथनात वाचावयास मिळते. या परिसरातून केवळ पदवीधर बाहेर पडले नाहीत. चिटणिसांचे 'युगयात्रा' हे नाटक येथलेच. म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांनी अध्यापनाबरोबरच दलित साहित्याच्या विचाराची पायाभरणी केली. पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'ने नव्या लेखकांची एक पिढी उभी केली. प्रश्न विचारण्याची सवय वर्गातून साहित्यात गेली, ती अशी.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नागसेनवनाप्रमाणेच त्याचाही परिसर औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराकडील बाजूस आहे. ज्या डोंगरातील विहारांत एके काळी भिक्षू राहत आणि अध्ययन करीत, त्याच्या सान्निध्यात पुन्हा विद्यार्थ्यांची वसती झाली. न्या. पळणिटकर समितीपुढे विद्यापीठाच्या नावाचा विचार झाला होता. अखेरीस प्रदेशाचे नाव स्वीकारले गेले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. विद्यापीठाच्या नावावर मतभेद असू शकतो. तो पंडितवादाने मांडता आला असता. प्रत्यक्षात त्याचे उत्तर दलित वस्त्यांना मिळाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, अनेक कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्या खेडुताने विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, त्यास विद्यापीठाच्या नावासाठी दंड भोगावा लागला. राजवादाचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाही. फरक एवढाच की येथे दंड देणारा राजा नव्हता, गावच होते. उल्लेखनीय असे की, ज्या उस्मानिया विद्यापीठाच्या छायेतून मराठवाडा बाहेर पडला, त्या विद्यापीठाने १९५३ सालीच बाबासाहेबांना सन्मान्य डॉक्टरेट दिली होती.

ठराव झाला, पण त्याची अंमलबजावणी साडेपंधरा वर्षे लांबली. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंगवास झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळाले. प्रदेशाचे नाव राहिले आणि बाबासाहेबांचेही आले. म्हणून यास नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले.

दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारो लोक येऊन अभिवादन करतात. हे अभिवादन आवश्यकच आहे, कारण त्या नावाची किंमत माणसांनी प्राणांनी चुकविली आहे. तथापि आम्ही अध्यापक म्हणून एक गोष्ट नम्रपणे नमूद करू इच्छितो. वर्गात प्रश्न विचारणारे विद्यार्थी कमी होत आहेत. उत्तरे तयार मिळतात, ती पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. अर्थचिंतनाचे ते दुसरे तीन महिने आमच्या अभ्यासक्रमातून जणू गळाले आहेत. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प बसविणारा अध्यापकही आपल्या वर्गात राजवादच चालवीत असतो, मग त्याच्या पाठीमागील भिंतीवर कोणाचेही छायाचित्र असो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज या ना त्या विद्यापीठात शिकत आहेत. सुटीत ती घरी येतील तेव्हा किती गुण मिळाले हे आपण विचारतोच. यंदा वर्गात कोणता प्रश्न विचारलास, आणि त्यावर गुरुजींनी काय उत्तर दिले, हेही त्यांना अवश्य विचारावे.