रेस दिल्याशिवाय उजेड नाही

ज्याने जुनी बजाज चेतक रात्री चालवली आहे, त्याच्या दोन्ही हातांना एक सवय कायमची जडलेली असते. समोर खड्डा दिसला की डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी उजव्या हाताने रेस वाढवायची. गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, इंजिन मात्र कोकलतंय. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस उगाच पेट्रोल जाळतोय. पण त्याला खड्डा पाहायचा असतो, आणि रेस दिल्याशिवाय खड्डा दिसत नाही.

कारण या स्कूटरच्या हेडलाइटला बॅटरीतून वीज मिळतच नसे. इंजिनाच्या बाजूला फिरणारं एक जड चाक, त्यात बसवलेले लोहचुंबक आणि आत स्थिर असलेल्या तांब्याच्या कॉइली. मेकॅनिक या सगळ्याला मिळून ‘मॅग्नेट’ म्हणतो. चाक जितकं जोरात फिरेल तितकी वीज जास्त. वेगात गाडी पळवा, रस्ता लख्ख. हळू करा, की दिवा पिवळा पडून टिमटिमायला लागला. म्हणजे उजेडाची गरज जिथे सर्वांत जास्त, नेमका तिथेच तो पळ काढणार. बॅटरी नसलेल्या गाड्यांचा हॉर्नसुद्धा याच मॅग्नेटवर चाले, त्यामुळे हळू चालणाऱ्या स्कूटरचा हॉर्नही घसा बसल्यासारखा.

मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यात हा दोष जास्त बोचला, याला जमीन कारण आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर अंथरलेलं डांबर तिच्याबरोबर हलतं. जिंतूर, पालम, सोनपेठ, कुठल्याही दिशेला निघा, जुन्या रस्त्यांवर मैलभर एकाच वेगाने गाडी चालवणं ही चैनच होती. रात्री दर शंभर पावलांवर वेग कमी, दर शंभर पावलांवर अंधार.

या दोषाचं मूळ इटलीत आहे. 23 एप्रिल 1946 रोजी पियाज्जिओ कंपनीने व्हेस्पाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानं आणि हेलिकॉप्टरं यांत रमणारा इंजिनिअर. त्याने युद्धातून उठलेल्या शहरांसाठी हलकं, स्वस्त, कपडे न मळवणारं वाहन काढलं. पहिल्या व्हेस्पांचा दिवा हँडलवर नव्हता, पुढच्या चाकाच्या मडगार्डवर होता. जिथे रस्त्यावर म्युनिसिपालिटीचे दिवे आहेत तिथे आपण दिसलो म्हणजे झालं, हा त्यामागचा हिशेब असावा. दिवा पुढे हँडलवर चढला, पण 6 व्होल्टचा मिणमिणता बल्ब आणि मॅग्नेटशी बांधलेलं त्याचं नशीब बराच काळ तसंच राहिलं.

पियाज्जिओच्या परवान्यावर बजाजने 1960च्या दशकात आकुर्डीत व्हेस्पा बनवली. 1971मध्ये करार संपला आणि 1972मध्ये चेतक आली. मराठवाड्यात 1972 हे साल कुणी स्कूटरसाठी लक्षात ठेवत नाही, ते दुष्काळाचं साल आहे. पण त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि जिल्ह्याच्या गावी पगारदार माणसांचा एक नवा वर्ग उभा राहायला लागला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मग चेतक दारात आणायची, हे त्या वर्गाचं स्वप्न. स्कूटर आली ती मात्र दास्कानिओच्या शहराची सवय घेऊन, आणि इथे शहराची वेस ओलांडली की पुढे मिट्ट काळोख.

त्याआधी रात्रीच्या वाटेवर काय होतं? बैलगाडीच्या जुवाखाली किंवा आसाजवळ डुलणारा कंदील. सायकलला कार्बाइडचा दिवा: कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी, त्यातून ॲसिटिलीन वायू, आणि त्याची पांढरी ज्योत. त्याचा वास नकोसा आणि काजळी साफ करताना जीव मेटाकुटीला येई, पण हा दिवा उभ्या सायकलवरही तितकाच जळे. मग टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. तो स्वच्छ होता, फुकट होता, आणि पाय थांबले की आंधळा होता. स्कूटरचा मॅग्नेट हा त्या डायनॅमोचाच मोठा भाऊ. म्हणजे उजेड वेगाच्या खुंटीला बांधण्याचा प्रकार सुधारणेबरोबरच आला. कंदिलाला तो रोग नव्हता.

खेड्यात टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात. बॅटरी नसलेल्या स्कूटरवर मागे बसलेल्याच्या हातात बॅटरी देऊन रस्ता काढणं, हा हेडलाइटच्या सुधारणेचा पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणावा लागेल.

दुसरा प्रकार बल्ब बदलण्याचा. 6 व्होल्टची जागा 12 व्होल्टने घेतली, आणि 35/35 वॅटचा दोन तारांचा बल्ब सर्रास झाला: एक तार अपरची, एक डिपरची. एकाच बल्बात दोन तारा बसवण्याची युक्ती युरोपात 1920च्या दशकातली. त्याआधी काही गाड्यांत समोरून कुणी आलं की दिव्याचा आरसाच खाली झुकवायची सोय असे. ‘डिप’ म्हणजे हे झुकवणं. आपल्याकडे त्याचा ‘डिपर’ झाला, आणि ‘डिपर मारणे’ ही क्रिया आली. तिचा अर्थ गमतीने उलटाही झाला. आज डिपर मारणे म्हणजे दिवा झुकवणं कमी आणि ‘बाजूला हो’ म्हणून डोळे मिचकावणं जास्त.

मग हॅलोजन. साध्या बल्बात टंगस्टनची तार हळूहळू उडून काचेवर काळा थर चढवते. बल्बात आयोडीन किंवा ब्रोमीनसारखं द्रव्य अगदी थोडं भरलं तर उडालेलं टंगस्टन पुन्हा तारेवर परततं, काच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापवता येते. 1959मध्ये अमेरिकेत या दिव्याचं पेटंट झालं. 1962मध्ये युरोपातल्या मोटारींत एच-1 बल्ब आला, 1971मध्ये दोन तारांचा एच-4. हा एच-4, म्हणजे 60/55 वॅटचा बल्ब, जीपमधून आणि कारमधून उतरून दुचाकीच्या गॅरेजात पोचला. ज्या रिफ्लेक्टरमध्ये 35/35चा छोटा हॅलोजन बसतो, त्यात थोडी घासाघीस करून तो बसतोही. ‘साठ-पंचावन्न टाकून द्या’ ही मागणी तिथून सुरू झाली.

आणि तिथेच फसगतही. 12 व्होल्टवर 35 वॅटचा बल्ब सुमारे 3 ॲम्पिअर ओढतो, 60 वॅटचा 5 ॲम्पिअर. मॅग्नेट तेवढाच, कॉइल तेवढीच, वायर तेवढीच बारीक आणि स्विचचे पॉइंट गंजलेले. विजेचा दाब उतरतो, आणि फिलामेंटच्या बल्बाचं गणित फार निर्दय आहे: व्होल्टेज 10 टक्के कमी झालं की उजेड साधारण 30 टक्के जातो. पैसे देऊन मोठा बल्ब टाकावा आणि अंधार विकत घ्यावा, असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांनी बल्बच्या कंपनीला शिव्या दिल्या. कंपनीचा दोष नव्हता. शिवाय वाढलेल्या आचेने होल्डर वितळायचा ते वेगळंच.

उलट प्रकारही होता. जुन्या, रेग्युलेटर नसलेल्या व्हेस्पा घराण्यात मागचा टेललाइट गेला की त्याच्या वाटची वीजही पुढच्या बल्बावर येई, आणि जोरात रेस दिली की तोही उडे. ‘मागचा गेला की पुढचा जातोच’ ही अंधश्रद्धा नव्हे.

खरा इलाज बल्बात नव्हता, वायरिंगमध्ये होता, आणि तो शोधला तो गॅरेजवाल्यांनीच. मॅग्नेटची कॉइल जाड तारेने पुन्हा भरून घ्यायची, रेक्टिफायर लावून मॅग्नेटच्या एसी विजेची डीसी करून ती बॅटरीत घालायची आणि हेडलाइट बॅटरीवर चालवायचा. याला नाव पडलं ‘डीसी करणे’. सोबत रिले: बल्बाला लागणारी वीज स्विचमधून न नेता जाड वायरने थेट बॅटरीतून आणायची, स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. नव्या काळातल्या सेल्फ-स्टार्टच्या स्कूटरांतही बॅटरी स्टार्टरसाठी आली, पण बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट मात्र वर्षानुवर्षं एसीवरच, म्हणजे थेट मॅग्नेटवरच राहिला. म्हणून हा धंदा चेतक गेल्यावरही टिकला. डीसी केलेली गाडी खड्ड्यापाशी थांबली तरी दिवा तसाच. कंदिलाचा गुण परत आला.

मधल्या काळात रात्री रस्त्यावर निघण्याचं कारणही बदललं होतं. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी रात्रीच रानात निघतो. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लाइन आली का पाहायचं, मोटार चालू करायची, पाणी फिरवायचं. बांधावरच्या वाटेवर साप, ज्वारीत रानडुकरं, आणि हंगामात कारखान्याकडे निघालेली, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली. 2017पासून सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. जिथे ती पोचली नाही, तिथे स्कूटरचा दिवा हे शेतीचंच अवजार आहे.

अशा माणसाला एलईडी हे वरदान वाटलं यात नवल नाही. 1993मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शूजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. त्यावर पिवळं फॉस्फर चढवलं की पांढरा उजेड. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना 2014चं नोबेल मिळालं. थोड्या वॅटमध्ये भरपूर उजेड, त्यामुळे दुबळ्या मॅग्नेटलाही झेपणारा. एसी गाडीत तो लुकलुकतो, मग त्यालाही रेक्टिफायर. 1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागणं सक्तीचं झालं, आणि 2018च्या ॲक्टिव्हा 5जीमध्ये कंपनीनेच एलईडी दिला.

कंपनीचा एलईडी आणि बाजारातून आणून जुन्या होल्डरमध्ये खुपसलेला एलईडी यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर काही मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी घडवलेला असतो. तार जिथे असते नेमका तिथे चिप नसेल, तर प्रकाश रस्त्यावर न पडता झाडाच्या शेंड्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवणाऱ्याला जवळचा पांढराशुभ्र उजेड दिसतो आणि तो खूश. समोरून येणारा काही क्षण ठार आंधळा. पूर्वी हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवलेला असे, किंवा मधोमध काळी टिकली. ती गेली आणि तिची गरज वाढली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 8 मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत अशी अट आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. परभणीच्या एमएच-22 पाटीची कुठलीही गाडी याला अपवाद नाही, पण रात्री अकराला पाथरी रस्त्यावर 8 मीटर मोजायला कोण उभं असतं?

या सगळ्यात फुकटचा इलाज अजून हेडलाइटच्या खाली दडलेला आहे: एक स्क्रू. गाडी सपाट जागी, भिंतीसमोर उभी करायची, चाकांत हवा बरोबर भरायची, माणूस बसवायचा आणि डिपरचा वरचा काठ दिव्याच्या उंचीपेक्षा जरा खाली येईल असा स्क्रू फिरवायचा. रिकाम्या गाडीवर लावलेला फोकस डबलसीट बसलं की वर चढतो, मागे युरियाची 45 किलोची गोणी बांधली तर आणखी वर. म्हणून जाणता मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारतो, ‘रात्री मागं कोण असतंय?’