सेनिओच्या काठावरचा निमजचा शिपाई

नगरला पाहुणे आले की आपण त्यांना हमखास रणगाडा संग्रहालयात नेतो. (अहिल्यानगर झालं तरी तोंडात अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.) 1994 साली लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटरने ते उभं केलं. देशोदेशीचे रणगाडे तिथे रांगेत उभे आहेत, रंगवलेले, नीट जपलेले. फक्त आत बसलेल्या माणसाला काय वाटत होतं, हे लोखंड सांगत नाही.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट. नामदेव जाधव, आपल्या जिल्ह्यातल्या निमज गावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई, वय 23, काम कंपनी रनरचं, म्हणजे इकडचा निरोप तिकडे पोचवायचा. 9 एप्रिल 1945ची संध्याकाळ, इटलीतली सेनिओ नदी. रुंदी जेमतेम 15 फूट, आपल्याकडे ओढा म्हणाल! पण दोन्ही बाजूंना 30-35 फुटांचे उभे बांध, त्यांत जर्मनांचे खंदक आणि वर सुरुंगांचा पट्टा.

नदी ओलांडताना मशीनगन सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे ठार. धड राहिले एकटे नामदेव. एका जखमीला उचललं, पाण्यातून, सुरुंगांतून बांधापलीकडे नेऊन ठेवलं. परत आले, दुसऱ्याला नेलं. मग तिसऱ्यांदा गेले, ते मशीनगनवरच. पहिलं ठाणं टॉमी गनने गप्प केलं. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तर ती फेकून दिली आणि ग्रेनेडने आणखी दोन ठाणी उडवली. मध्ये ग्रेनेड संपले, तर सरपटत जाऊन साथीदारांकडून नवे आणले. शेवटी बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची रणघोषणा दिली आणि बाकीच्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1984 साली ते गेले.

हे सगळं आपल्याला कळतं ते पदकाच्या सरकारी सायटेशनमधून. एका पानाचा इंग्रजी मजकूर. त्यात नदीची खोली आहे, बांधाची उंची आहे. पण रणघोषणेचे शब्द नाहीत. दुसऱ्यांदा पाण्यात उतरताना या माणसाच्या मनात काय होतं, ते नाही. घरून पत्र कधी आलं होतं, तेही नाही. सायटेशन लिहितात अधिकारी, पदक का द्यावं हे वरच्यांना पटवायला. त्यात शिपायाचा आवाज यायची सोयच नसते.

आणि आवाज टिकतो, बरं का. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदी सैनिक बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत होते. तिथल्या भाषातज्ज्ञांनी भाषेचे नमुने म्हणून त्यांना ध्वनिमुद्रण यंत्रासमोर उभं केलं. डिसेंबर 1916मध्ये मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई बोलला. मिनिट-दीड मिनिटच, पण त्यात घरी खाल्लेलं लोणी आहे आणि परत जायची आस आहे. शंभरहून जास्त वर्षं झाली, आजही ते ऐकता येतं. अमेरिकेने तर 2000 साली कायदा करून सैनिकांच्या आठवणी गोळा करायचं काम आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे सोपवलं.

आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची? 1971ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. पेन्शनीत आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर' म्हणतं, मग तो नाईक का असेना. चहाच्या टपरीवर त्यांचे किस्से सगळ्यांनी ऐकलेले असतात, रेकॉर्ड कुणी केलेले नसतात. फोन तर तुमच्या हातातच आहे!

आधी त्यांना विचारा, रेकॉर्ड केलं तर चालेल का, आणि पुढे कुणाला ऐकवू. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव, पलटण आणि भरतीचं साल येऊ द्या, नाहीतर वीस वर्षांनी नुसता आवाज उरतो, कुणाचा ते कळत नाही. लढाईवर एकदम उडी मारू नका. भरतीला कोण सोबत होतं, ट्रेनिंगला पहिल्या दिवशी काय खायला मिळालं, इथून सुरू करा. काही जण एका ठिकाणी येऊन थांबतात. थांबू द्या, खोदून विचारू नका. पेन्शनबुक आणि जुन्या फोटोंचेही फोटो काढून ठेवा, आणि फोटोतल्या माणसांची नावं तेव्हाच लिहून घ्या.

आणि आजीलाही बसवा शेजारी. तार आली की आधी कोण उघडायचं, हे तिलाच माहीत असतं.