यादीत नसलेल्या वस्तू

नवीन घरात राहायला जायचं ठरलं की आपल्याकडे लगेच यादी सुरू होते. आधी देव, पाण्याने भरलेला तांब्या, मीठ, हळदकुंकू, नवी केरसुणी. दूध उतू जाऊ द्यायला एक पातेलं आणि शेगडी. बाकीचं सामान मागाहून टेंपोतून येतं. या यादीत एक गोष्ट न लिहिता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पुढे घर उभं आहे आणि त्याची किल्ली आपल्या हातात आहे.

ट्रॉम्बेला एका अख्ख्या वस्तीने घर बदललं तेव्हा नेमकं हेच नव्हतं.

ती वस्ती म्हणजे जनता कॉलनी. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत शहरातून उठवलेल्या गरिबांना महापालिकेनेच इथे आणून बसवलं होतं. तेव्हा हे मुंबईचं टोक होतं. पुढे १९५४ मध्ये शेजारी अणुशक्ती केंद्राची स्थापना झाली, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, १९६७ मध्ये केंद्राला भाभांचं नाव मिळालं. जमिनीची किंमत बदलली आणि ‘तुम्ही इथून जा’ अशा नोटिसा येऊ लागल्या. जोकिन अर्पुथम नावाचा कोलारकडून आलेला एक तरुण सुतार वस्तीच्या वतीने उभा राहिला. कोर्ट झालं, दिल्ली झाली. पण आणीबाणी लागली आणि मे १९७६ मध्ये कॉलनी पाडली गेली. सुमारे ७० हजार माणसं जवळच्याच चीता कॅम्पला हलवली गेली.

आता महिना बघा. मे. म्हणजे पाऊस अगदी तोंडावर. जागा खाडीकाठची, सखल, दलदलीची. एका कुटुंबाच्या वाट्याला आखून दिलेला तुकडा, दहा बाय पंधरा फुटांच्या आसपास. इथे सामानाची यादी काय असणार? झोपडी मोडली की तिचाच पत्रा आणि तिचेच वासे पुढच्या घराला लागतात, म्हणजे घरच सामान होऊन निघतं. मग भरणीची माती, कारण जमीन उंच केल्याशिवाय चूल मांडायची कुठे? पाण्याचा ड्रम. आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, कागदांची.

ती पिशवी सगळ्यात महत्त्वाची. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली आणि ओळखपत्रं दिली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला, तेव्हा ज्यांच्याकडे १९७६ चं ते कार्ड होतं त्यांना पर्यायी जागा द्यायची, असं म्हटलं. नंतर १९९५ आणि २००० अशा तारखा आल्या. म्हणूनच या शहरात कितीतरी घरांत दागिना नसला तरी जुनं रेशनकार्ड जपून ठेवलेलं असतं.

याच भागात नव्या घराची दुसरीही एक तयारी झाली, ती मात्र सावकाश. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ सुरू केलं. रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे. कापड आणि लाकडाचा, खऱ्या मापाचा घराचा नमुना उभा करायचा आणि त्यात फिरून बघायचं, पोटमाळा बसतो का, भांडी कुठे राहतील. अनेक वर्षांनी त्यांतल्या काही कुटुंबांना मानखुर्दला पक्की घरं मिळाली. वसाहतीचं नाव मिलननगर. या कामात त्यांच्या सोबत होते तेच अर्पुथम. १९७६ मध्ये त्यांचं स्वतःचंही घर गेलं होतं. त्यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते गेले.

दोन स्थलांतरांत अंतर फारसं नाही, दोन्ही वस्त्या ट्रॉम्बेच्या परिसरातच आहेत. फरक पडला तो वेळेचा. एका ठिकाणी तारीख दुसऱ्याने ठरवली, दुसऱ्या ठिकाणी राहणाऱ्यांनी आधी घर मनात बांधून पाहिलं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे होती. शेजारी. चीता कॅम्पच्या चिखलात वस्ती पुन्हा उभी राहिली ती ओळखीची माणसं एकत्र आली म्हणून. आपल्या यादीत आपण मीठ लिहितो, केरसुणी लिहितो, शेजार कधी लिहीत नाही. तो तिकडे गेल्यावर मिळेलच असं आपल्याला वाटतं. मिळतोच असं नाही.